पंधरा हजार डॉलरची टेनिस स्पर्धा मराठवाड्यात का नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने शांघायची मास्टर्स टेनिस स्पर्धा जिंकली. तेव्हा तो जागतिक क्रमवारीत २०४व्या स्थानावर होता आणि पात्रता फेरी खेळून मुख्य फेरीत आला होता. उपांत्य फेरीत त्याने जोकोविचला हरवले, अंतिम फेरीत नात्यातल्याच भावाला. मास्टर्स १००० दर्जाची, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालची, स्पर्धा इतक्या खालच्या क्रमांकावरून त्याआधी कुणीही जिंकली नव्हती. बातमी सगळीकडे ठळक छापून आली. याच खेळाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात, बालेवाडीत, महा ओपन चॅलेंजर (मुख्य स्पर्धांच्या खालच्या दर्जाची स्पर्धा) जिंकली होती, हे मात्र माझ्या तरी वाचनात कुठे आले नाही. मला त्याची फार चुटपुट लागली. अशा खालच्या दर्जाच्या स्पर्धा मराठवाड्यातही व्हाव्यात, म्हणून हे पत्र.

बालेवाडीत २०१८ पासून एटीपी २५० दर्जाची स्पर्धा व्हायची. एटीपी ही पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना, आणि २५० हा दर्जा मास्टर्सच्या खालचा पण चॅलेंजरच्या वरचा. ती चेन्नईहून आपल्याकडे आली होती. पहिल्या वर्षी जिल सिमॉन जिंकला, दुसऱ्या वर्षी केव्हिन अँडरसन. २०२३ मध्ये ती शेवटची झाली आणि पुढच्या वर्षीपासून हाँगकाँगला गेली. 'महाराष्ट्रातले टेनिस संपले' असे तेव्हा बरेच जण बोलून गेले. पण त्याच कोर्टवर चॅलेंजर दर्जाची स्पर्धा गेल्या दशकभरात होत आलेली आहे, मधला कोरोनाचा खंड सोडला तर. २०१५ मध्ये युकी भांब्रीने ती जिंकली. २०१७ मध्ये अंतिम सामनाच युकी आणि रामकुमार रामनाथन असा दोन भारतीयांचा झाला आणि युकी पुन्हा जिंकला. मोठी स्पर्धा गेल्याचे दुःख मलाही आहे. पण आपल्या मुलांचे पोट ज्या स्पर्धेवर भरायचे, ती ही दुसरी.

मी जालन्यात शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मुलांना घेऊन पात्रता फेरी बघायला बालेवाडीला गेलो होतो. रॅकेटला तार ओढून देणाऱ्याच्या टेबलाशी एक परदेशी खेळाडू उभा होता. हातात तीन रॅकेट. दर विचारला, थोडा वेळ थांबला, दोनच पुढे केल्या आणि तिसरी पिशवीत घातली. माझ्यासोबतच्या मुलाने विचारले, 'सर, हे प्रोफेशनल ना?' होय, जगातले बहुसंख्य प्रोफेशनल टेनिसपटू असेच जगतात.

हा सगळा डोलारा कसा उभा राहिला ते थोडक्यात सांगतो. चॅलेंजर स्पर्धा १९७८ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्याखाली सॅटेलाइट सर्किट असे. सलग चार आठवडे खेळायचे, चौथा आठवडा 'मास्टर्स'चा, म्हणजे त्या सर्किटच्या शेवटच्या स्पर्धेचा, आणि क्रमवारीचे गुण मिळायचे ते सर्किट पूर्ण केल्यावरच. तिसऱ्या आठवड्यात घोटा मुरगळला की महिनाभराची मेहनत आणि प्रवासखर्च दोन्ही पाण्यात. १९९८ पासून फ्युचर्स आल्या, एका आठवड्याची एक स्वतंत्र स्पर्धा, आणि हळूहळू सॅटेलाइट बंद झाले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने एक अजब निर्णय घेतला. पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धांना एटीपीचे गुणच मिळणार नाहीत, वेगळी क्रमवारी राहील. एका फटक्यात असंख्य खेळाडू मुख्य क्रमवारीतून नाहीसे झाले. एवढी ओरड झाली की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत द्यावे लागले. तळाच्या स्पर्धेला किती किंमत आहे, हे त्या सहा-सात महिन्यांनी दाखवून दिले.

आज सर्वांत खालची पायरी पुरुषांसाठी एम-१५ आणि महिलांसाठी डब्ल्यू-१५. पंधरा म्हणजे पंधरा हजार डॉलर, सगळ्या खेळाडूंची मिळून बक्षिसाची रक्कम. एम-१५ मध्ये विजेत्याला २,१६० डॉलर आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये. त्यातून प्रवास, खोली, जेवण, तारा. सुमित नागल देशाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले होते की खात्यात फक्त ९०० युरो उरले आहेत. महा टेनिस फाउंडेशनचा आधार त्याला होता, तरी ही स्थिती. चारच महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवले. १९८९ मध्ये रमेश कृष्णन यांनी विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकिताला नमवणारा तो पहिला भारतीय. मग फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरात गेला. घरच्या मैदानावरची एक चॅलेंजर! तिथे स्पर्धाच नसती तर?

आता आपल्याकडे वळतो. गावोगावच्या जत्रेत शे-दोनशेच्या कुस्त्या लागतात म्हणून महाराष्ट्र केसरीला पैलवान मिळतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. टेनिसचा प्रकारही तोच. तरीही मराठवाड्यातल्या मुलाला क्रमवारीचा पहिला गुण मिळवायचा तर रात्रीची बस धरून बाहेरचे शहर गाठावे लागते, नाहीतर थेट परदेश.

परदेश म्हणजे कुठे, हे पाहण्यासारखे आहे. ट्युनिशियातले मोनास्टिर, इजिप्तमधले शर्म अल शेख, तुर्कस्तानातले अंताल्या. तिथे पंधरा हजारच्या स्पर्धा जवळजवळ दर आठवड्याला असतात. तिकिटे घेऊन बघणारे कुणी नसतात. ही सगळी पर्यटनाची गावे आहेत आणि हॉटेले मोठी आहेत. खेळाडू, प्रशिक्षक, आईवडील येतात, त्याच हॉटेलात राहतात, जेवतात आणि स्पर्धेचा खर्च खोल्यांच्या भाड्यातून बराचसा वसूल होतो. भारतातले कितीतरी खेळाडू तिथे जाऊन पैसे खर्च करून येतात. मग छत्रपती संभाजीनगरात काय कमी आहे? वेरूळ-अजिंठ्यामुळे हॉटेले आहेत, चिकलठाण्याला विमानतळ आहे, वाळूज आणि शेंद्र्याला उद्योग आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा खेळायला उत्तम असते. लागोपाठ दोन आठवडे पुरुषांच्या आणि दोन आठवडे महिलांच्या स्पर्धा घेतल्या तर हॉटेलांत महिनाभर खेळाडूंचा मुक्काम राहील. एका स्पर्धेची बक्षिसाची रक्कम तेरा लाखांच्या घरात जाते. पंच, चेंडू, फिजिओ, व्यवस्था यांचा खर्च वेगळा, तो मी लपवत नाही. पण नेत्यांच्या वाढदिवसाच्या क्रिकेट स्पर्धा, दहीहंड्या यांवर आपल्याकडे जो पैसा उधळला जातो, तो पाहता ही रक्कम जमणार नाही असे कुणी म्हणू नये.

एक आग्रह मात्र आहे. कोर्ट हार्डच, म्हणजे सिमेंटसारख्या कडक पृष्ठभागाचे, असावेत. लाल मातीच्या कोर्टला रोज पाणी मारावे लागते, रोलर फिरवावा लागतो, चुन्याच्या रेघा पुन्हा मारायच्या. ज्या मराठवाड्यात २०१६ मध्ये लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने प्यायचे पाणी आणावे लागले, तिथे उन्हाळ्यात कोर्ट भिजवायला टँकर मागणे शोभणार नाही. आमच्या मुलांना मातीवर खेळायला आवडते, तरी मी हेच म्हणेन.

मुलगी टेनिस खेळून काय करणार, असे पालक मला विचारतात. त्यांना मी ऋतुजा भोसलेचे नाव सांगतो. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण तिने जिंकले. ती श्रीरामपूरची, आपल्या वैजापूरपासून ते काही फार लांब नाही. आणि ती घडली ती याच छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षे खेळून.

आपल्या वर्तमानपत्राकडे दोन विनंत्या आहेत. जिल्हा आणि राज्य टेनिस संघटना, उद्योजकांच्या संघटना आणि हॉटेलमालक यांना या विषयावर बोलते करावे. आणि यापुढे पुणे, सोलापूर किंवा कुठेही अशी स्पर्धा असेल तेव्हा पात्रता फेरीचेही निकाल छापावेत. क्रीडा पानाच्या कोपऱ्यात चार ओळी पुरतील. माझ्या शाळेच्या फलकावर मी त्या रोज लावीन.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक, जालना