संदेश थांबवणारी विकरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहावरच्या आपल्या लेखात इन्सुलिनला किल्ली आणि पेशीवरच्या ग्राहीला कुलूप म्हटलं होतं. जीवशास्त्र शिकवताना मीही वर्षानुवर्षं हीच उपमा दिली. आता ती अपुरी वाटते. किल्ली फिरली की कुलपाचं काम संपतं, ग्राहीचं मात्र तिथूनच सुरू होतं. इन्सुलिनचा ग्राही स्वतःच एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) आहे. बाहेर इन्सुलिन चिकटलं की त्याचा पेशीच्या आतला भाग जागा होतो आणि आधी स्वतःवर, मग जवळच्या प्रथिनांवर फॉस्फेट हा छोटा रासायनिक गट चढवतो; त्यातूनच संदेश पुढे जातो. अशा विकरांना कायनेज म्हणतात. माणसात त्यांची पाचशेहून अधिक जनुकं आहेत. लाळेतल्या अमायलेजपाशी विकरांचा धडा संपवणाऱ्या आपल्याला हे कुठून कळणार?

त्याहून दुर्लक्षित आहेत ती संदेश थांबवणारी विकरं. पीटीपी-१बी हे विकर इन्सुलिनच्या ग्राहीवर चढलेले फॉस्फेट उतरवतं. ज्या उंदरांत ते नव्हतं, त्यांची शरीरं इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात, असं १९९९ मध्ये आढळलं. मधुमेहावरच्या लेखात याचा उल्लेखही नसावा, याचं मला खरंच वाईट वाटलं.

थांबवणं बिघडलं तर काय होतं, ते कॉलऱ्यात दिसतं. आतड्याच्या पेशीत जी-प्रथिन (ग्राहीकडून आलेला संदेश आत पोहोचवणारं प्रथिन) हे अॅडेनिलिल सायक्लेज नावाच्या विकराला कामाला लावतं, आणि थोड्याच वेळात स्वतःला चालू ठेवणारं जीटीपी नावाचं रसायन तोडून स्वतःच बंद होतं. कॉलऱ्याचं विष (तेही विकरच आहे) या प्रथिनावर असा एक रासायनिक गट चिकटवतं की जीटीपी तुटतच नाही. सायक्लेज अखंड सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत संदेश नेणारा छोटा रेणू) बनवत राहतं, पेशींतून क्लोराइड आणि त्यामागोमाग पाणी आतड्यात ओतलं जातं, आणि काल धडधाकट असलेला माणूस काही तासांत शुष्क होतो. या आजाराचं मूळ अशा विषात आहे, हे डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात प्रयोगाने दाखवलं. किती वाचकांना हे नाव माहीत असेल?

पुढच्या वेळी ग्राहीची आकृती छापाल, तेव्हा फॉस्फेट उतरवणारा उलटा बाणही तिच्यात काढावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक