ती पंधरा मिनिटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या मैफलीचा वृत्तांत कालच्या अंकात वाचला. गाण्याबद्दल चार ओळी आणि 'वाद्ये जुळवण्यात रसिकांची पंधरा मिनिटे गेली' याबद्दल अख्खा परिच्छेद! वर 'हल्ली तानपुरा मोबाइलमध्येही मिळतो' ही माहिती. माहितीबद्दल आभार. रियाजाला तो उत्तम, मंचावरही काही जण पूरक म्हणून लावतात. पण त्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे खालचा सा, येत नाही, आणि गायकाला टेकायला तोच लागतो. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही मोबाइलला नव्हे.

तानपुऱ्याला तारा चार. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या (दोन्ही सा), शेवटची खर्जाची. मालकंस रागात पंचम नाही, म्हणजे पहिली तार मध्यमावर, मारव्याला निषादावर. खुंटी पिळून तार येते ती सुराच्या आसपास. उरलेला फरक तारेत ओवलेल्या मण्याने काढायचा. मग घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तार यांच्यामधला जवारीचा दोरा केसभर सरकवत तार बोलती करायची. दोरा जरा जास्त सरकला की तार ठक्क वाजते. त्यात एक तार ताणली की बाकीच्या किंचित उतरतात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. खर्जातून गांधार आपोआप ऐकू आला की एक तानपुरा झाला. दुसरा अजून बाकीच असतो, आणि दोघांचे एकमेकांशीही जुळावे लागते. तबल्याचे तसेच. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या (तबल्याच्या कातड्याच्या) कडेच्या वेणीवर, वरून हातोडी मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. फरक मोठा असेल तर वाद्यांखालचे (चामडी पट्ट्यांखालचे) लाकडी गठ्ठे ठोकायचे. कडेची सोळाही घरे (वाद्यांमधल्या जागा) एका सुरात यावी लागतात, एक जरी राहिले तरी तबला पिचका बोलतो.

हे सगळे ग्रीनरूममध्ये करून यावे, असे आपले वार्ताहर म्हणतील. कलाकार करूनच येतात. पण दिव्यांच्या उष्णतेने तार सैलावून उतरते आणि त्याच उष्णतेने तबल्याची पुडी सुकून चढते. एक खाली, एक वर. एसीचा झोत तारांवर आला की त्या उलट चढतात. त्यामुळे वाद्ये तासभर आधी मंचावर, दिवे आणि एसी प्रयोगात असतील तेवढेच चालू ठेवून, गवसणीतून काढून ठेवायला हवीत. मग मंचावर दोन-तीन मिनिटांत काम भागते. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात सूर्य कलल्यावर वाद्ये कशी हलतात, हे पुण्याच्या वार्ताहराला वेगळे सांगायला नको.

रविवारी काय झाले? दुपारच्या सत्रातला कार्यक्रम लांबला, मंच उशिरा मिळाला. एसी लावला तो प्रेक्षक आत आल्यावर. (भाडे मात्र पूर्ण सत्राचे.) त्यानंतर दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाच जणांना शाल-श्रीफळ, त्यातल्या दोघांची मनोगते. खुर्च्यांना जागा हवी म्हणून जुळवलेले तानपुरे विंगेत, थेट एसीच्या झोताखाली उभे केले. पडदा उघडल्यापासून पहिला षड्ज लागेपर्यंत पाऊण तास गेला. त्यातली पंधरा मिनिटे तेवढी वार्ताहरांना दिसली, उरलेली तीस सत्कारमूर्तींच्या खात्यावर माफ! आयोजकांनी सत्कार मध्यंतरानंतर ठेवावेत, नाहीतर पडद्यापुढे उरकावेत, म्हणजे मागे वाद्ये तरी जागची हलणार नाहीत. मध्यंतरानंतर सत्कार ऐकायला किती जण थांबतात, तेही कळेल.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. आपल्या 'आज शहरात' या सदरात गायकाचे नाव येते, सभागृहाचे येते, प्रायोजकाचेही येते. तबल्याला कोण, संवादिनीला कोण, हे छापायला जागा नसते. अनेक रसिक साथ कोणाची आहे हे पाहून तिकीट काढतात. कालच्या छायाचित्रात तर तानपुऱ्यावर बसलेल्या दोघी शिष्या निम्म्या कापल्या आहेत, आणि शेजारच्या छायाचित्रात पाचही सत्कारमूर्ती 'डावीकडून' अशा क्रमाने, पूर्ण नावानिशी. दुरुस्ती छापणार असाल, तर रविवारच्या चारही साथीदारांची नावे तिच्यात घालावीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सदाशिव पेठ, पुणे ३०