जुनी डिझेल गाडी थंडीत चालू होत नाही म्हणून लगेच विकू नका

संपादक महोदय,

थंडी पडली की जुन्या डिझेल गाड्या सकाळी नुसत्या घरघर करतात आणि लोक म्हणतात इंजिन गेलं, विकून टाका. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेवर इंधन पेटतं, आता इंजिनच गार असेल तर ती उष्णता पुरणार कशी, म्हणून सुरुवातीला आतली जागा तापवणारे ग्लो प्लग असतात आणि त्यातले एकदोन गेले तरी गाडी सकाळी पांढरा धूर सोडत नखरे करते. डॅशबोर्डवरचा ग्लोचा लाईट विझेपर्यंत थांबा मग सेल्फ मारा, एवढं तरी कराच.

बॅटरी हिवाळ्याआधी तपासून घ्या, उणे १८ डिग्रीला तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि ऑईल घट्ट झाल्याने स्टार्टरला जोर मात्र जास्त लागतो. मॅन्युअलमध्ये चालत असेल तर १५डब्ल्यूच्या जागी ५डब्ल्यू, म्हणजे थंडीत पातळ राहणारं ऑईल टाका. कूलंट बघा, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा, ते गोठलं की इंधनच अडतं.

कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतो. अशा ठिकाणी हिवाळी डिझेलच भरा, अँटी-जेल (डिझेल गोठू नये म्हणून त्यात मिसळायचं औषध) टाकायचं तर गोठायच्या आधी, नंतर उपयोग नाही. आणि कोणी कितीही सांगितलं तरी पेट्रोल मिसळू नका, पंप आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच मिळतं.

- एक वाचक