मताधिकाराच्या लढ्यातील एक नगराध्यक्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा मार्टिन ल्यूथर किंग, मताधिकारासाठी निघालेला सेल्माचा मोर्चा आणि १९६५ चा मताधिकार कायदा यांच्यापाशी येऊन थांबते. कायदा संमत झाल्यानंतर तो गावपातळीवर कोणी आणि कसा उतरवला, हा त्यापुढचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी मिसिसिपी राज्यातील फेएट या लहानशा गावाचे नगराध्यक्ष चार्ल्स एव्हर्स यांची ओळख मराठी वाचकांना असायला हवी.

चार्ल्स आणि त्यांचे धाकटे बंधू मेडगर दोघेही दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. परतल्यावर त्यांनी इतर काही माजी सैनिकांसह मिसिसिपीतील डेकाटर या आपल्या गावी मतदार म्हणून नावे नोंदवली; परंतु २ जुलै १९४६ रोजी ते मतदानाला गेले, तेव्हा शस्त्रधारी गोऱ्यांच्या जमावाने त्यांना मत न देताच परत पाठवले. मेडगर त्या दिवशी एकवीस वर्षांचे झाले होते. (त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. हा लढा आपल्याला परका नव्हता, याची ही नोंद आहे.)

जून १९६३ मध्ये मेडगर यांची हत्या झाली आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेतील त्यांचे काम चार्ल्स यांनी हाती घेतले. राज्यघटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ समाधानकारक सांगता आला नाही, असे नोंदणी अधिकाऱ्याने ठरवले की अर्ज फेटाळला जाई, अशी तेव्हाची रीत होती. १९६५ पूर्वी मिसिसिपीतील कृष्णवर्णीय प्रौढांपैकी जेमतेम ७ टक्क्यांची नावे मतदारयादीत होती. १९६७ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेले. त्यामागे कायदा होता, तसे घरोघरी फिरून, भीती घालवून लोकांना नोंदणीसाठी नेणारे कार्यकर्तेही होते, आणि नैऋत्य मिसिसिपीत त्यांचे नेतृत्व एव्हर्स करत होते. त्याच मतांच्या बळावर १९६९ मध्ये ते फेएटचे नगराध्यक्ष झाले. पुनर्रचनेच्या (अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या) काळानंतर मिसिसिपीतील गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र वस्तीच्या गावात कृष्णवर्णीय नगराध्यक्ष निवडून येण्याची ही पहिलीच वेळ होती.

गावच्या एका पदाला एवढे महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. कृष्णवर्णीयांचे मत रोखता येत नाही, हे दिसताच मिसिसिपीच्या विधिमंडळाने १९६६ मध्ये त्याचे मोल कमी करण्याचा मार्ग शोधला. प्रभागवार निवडले जाणारे काउंटीचे (जिल्ह्यासारख्या विभागाचे) प्रतिनिधी संपूर्ण काउंटीतून निवडण्याची मुभा दिली गेली, जेणेकरून कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेले प्रभाग गोऱ्यांच्या एकत्रित मतांत बुडून जावेत, आणि काही ठिकाणी शिक्षण अधीक्षकांचे निवडून येणारे पद नेमणुकीचे करण्यात आले. १९६५ च्या कायद्यानुसार असे बदल केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये दिला. मात्र २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने ही परवानगी कोणत्या राज्यांना लागू होईल हे ठरवणारे कलमच रद्द केले. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, कारण मतांची चोरी बहुधा अशाच खालच्या, कोणाचे लक्ष नसलेल्या स्तरावर होते.

एव्हर्स निष्कलंक नव्हते. तरुणपणीचे बेकायदा धंदे त्यांनी स्वतःच कबूल केले होते, आणि पुढे रिपब्लिकन पक्षात जाऊन २०१६ मध्ये त्यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला, याचे अनेक जुन्या सहकाऱ्यांना दुःख झाले असेल. तरीही त्यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. २२ जुलै २०२० रोजी, नागरी हक्क चळवळीतील नेते जॉन लुईस यांच्यानंतर पाचच दिवसांनी, त्यांचे निधन झाले. आपल्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर एक सविस्तर लेख यावा, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा