आई, बाबा, पुढच्या जानेवारीत अनुराधपूरला चला

प्रिय आई आणि बाबा,

सविनय जयभीम. फोनवर नीट काही सांगताच येत नाही, बाबा दोन मिनिटं बोलून फोन आईकडे देतात आणि आई आधी जेवलीस का तेच विचारते, म्हणून बसून टाईप करतेय. मोबाईलवर अक्षर बारीक दिसलं तर ताईला प्रिंट काढून द्यायला सांगा. आणि एक, "आता या वयात कुठं श्रीलंका बिंका" असं बाबा म्हणून राहिले होते ना, ते पूर्ण वाचल्याशिवाय परत म्हणू नका.

सगळ्यात आधी श्रीलंकेतल्या अनुराधपूरचंच सांगते. आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष, ज्याच्या पाराजवळ आई दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला डबा उघडून बसते, त्याची रोपं भदंत आनंद कौसल्यायन यांनी इथूनच आणली होती, बाबा हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत. भन्तेजींची दीक्षाही श्रीलंकेतलीच. तर त्या झाडाचं मूळ झाड मी पाहिलं. अशोकाची मुलगी संघमित्ता थेरी बोधगयेहून फांदी घेऊन आली आणि देवानंपिय तिस्स राजाच्या काळात ती इथं लावली, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांच्या आसपास झाली. माणसाने लावलेलं, लावल्याची नोंद असलेलं इतकं जुनं जिवंत झाड जगात दुसरं नाही म्हणतात. मला वाटलं होतं भलंमोठं खोड असेल, पण तसं नाहीये, आजूबाजूची राखणीला लावलेली पिंपळाची झाडंच मोठी आहेत, मूळ झाड सगळ्यात वरच्या चौथऱ्यावर, सडपातळ, आणि त्याच्या वाकलेल्या फांद्यांना खालून सोनेरी टेकू दिलेत. त्याला हात लावता येत नाही, सोनेरी कठड्याबाहेरूनच वंदना करायची. पण पिंपळाचं पान खाली पडलं की लोक पटकन उचलून कपाळाला लावतात.

तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात, विहारात जाताना आपण घालतो तसेच. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, आईपेक्षा आठदहा वर्षांनी मोठ्या असतील, ओंजळीत निळी कमळं, देठापासून एकेक पाकळी बोटाने मागे दुमडून फूल उमलवत होत्या आणि फूल चुकूनही नाकाजवळ नेत नव्हत्या, कारण वाहायचं फूल हुंगायचं नाही. मग त्यांनी हळू आवाजात सुरू केलं, वण्णगंध गुणोपेतं एतं कुसुमसंततिं... आई, तीच आपली पुष्पपूजा! रविवारी विहारात तू म्हणतेस तीच, चाल थोडी वेगळी, शब्द न् शब्द तोच. मी पण त्यांच्याबरोबर म्हणायला लागले तर त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि परत पहिल्यापासून सुरू केलं, माझ्यासाठी जरा सावकाश. त्यांना मराठी येत नाही, हिंदी नाही, मला सिंहली नाही, पण त्रिसरण पंचशील आम्ही दोघींनी मिळून पूर्ण म्हटलं. त्यानंतर मला खूप रडू आलं, आणि तुम्ही दोघं इथं नाही याचं वाईट वाटलं, तेव्हाच ठरवलं की तुम्हाला आणायचंच.

बाबांच्या गुडघ्यांचं टेन्शन घेऊ नका, मी सगळं तुमच्या डोळ्यांनीच पाहत होते. बोधिवृक्षाला थोड्याच पायऱ्या आहेत. तिथून रुवनवेलिसाय स्तूप सपाट रस्त्याने जवळच आहे, दुट्ठगामणी राजाने बांधलेला, दुधासारखा पांढरा, भोवती हत्तींची रांग असलेली भिंत. फक्त चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी अशी तापते की विचारू नका, म्हणून सकाळी सहा-सातला जायचं आणि मोजे घालायचे, मोजे चालतात. जेतवनाराम स्तूप तर नुसता विटांचा डोंगर आहे, मूळची उंची 400 फुटांच्या घरात होती, तो गाडीतून उतरून खालून पाहिला तरी पुरे. मिहिंतलेला, जिथे अशोकाचा मुलगा महिंद थेर आले, 1840 पायऱ्या आहेत पण गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते. दंबुल्लाच्या लेण्यांना मात्र चढ आहे, अर्ध्यात बसत बसत गेलं तर जमेल, आपण अजिंठा केलंच होतं की. सिगिरिया बाद, बाराशेच्या आसपास पायऱ्या, तो खडक खालच्या बागेतून पाहायचा. आणि हो, बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, तिथे ते अपमान समजतात आणि बरोबरच आहे.

कँडीला दंतधातूचं, म्हणजे बुद्धाच्या दाताचं विहार, श्री दलदा मालिगावा. कलिंगची राजकन्या हेममाला केसांत लपवून तो दात घेऊन आली अशी कथा आहे. दिवसातून तीन वेळा पूजा असते, संध्याकाळच्या पूजेला खाली ढोल वाजायला लागतात तेव्हा छातीत धडधडतं, वर रांग लागते आणि दारासमोर दोन सेकंद मिळतात, दात दिसत नाही, स्तूपाच्या आकाराचा सोन्याचा करंडक तेवढा दिसतो. गर्दी फार, तिथे बाबांना सकाळच्या पूजेला नेऊ. पण कँडीत मला जास्त काय वाटलं सांगू, 1950 च्या मे महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी या गावात आले होते. धर्मांतराच्या सहा वर्षं आधी. तलावाच्या काठाने चालताना सारखं तेच डोक्यात होतं, की एका अख्ख्या बौद्ध देशात लोक रोजच्या जगण्यात धम्म कसा पाळतात हे पाहताना त्यांच्या मनात काय काय चाललं असेल.

बाबा, एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण तुम्ही विचारणारच. जात तिथेही आहे. कँडीचा जो मोठा भिक्खुसंघ, सियाम निकाय, 1753 चा, त्यात फक्त गोविगम या वरच्या जातीतल्यांनाच दीक्षा द्यायची प्रथा पडली. मग किनाऱ्याकडच्या बाकीच्या जातींचे लोक 1800 साली ब्रह्मदेशात अमरपुराला गेले, तिथून उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, घेऊन आले आणि आपला वेगळा अमरपुर निकाय काढला. बुद्धाच्या संघात जात, हे वाचून मला रात्री झोप आली नाही. पण जे अडले ते गप्प बसले नाहीत, समुद्र ओलांडून गेले, हेही तितकंच खरं. यावर तुमच्याशी समोरासमोर बोलायचंय.

आता चहा. नुवारा एलियाला चहाचे मळे म्हणजे डोंगरच्या डोंगर हिरवे, थंडी आपल्या चिखलदऱ्यासारखी, आईला स्वेटर लागेल. आधी इथे कॉफी होती, 1869 नंतर तांबेरा रोग पडला आणि कॉफी गेली. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने 1867 मध्येच 19 एकरांवर चहा लावून ठेवला होता, मग सगळे तिकडे वळले. फॅक्टरीत गेलो तर वरच्या मजल्यावर लांबच लांब जाळ्यांवर पानं पसरून खालून हवा सोडतात, रात्रभर सुकवतात, मग पिळतात, मग ती हिरवी पानं बघता बघता तांबूस होतात आणि असा वास सुटतो की बास. आपला दाणेदार सीटीसी वेगळा, हा पानांचा. दूध न घालता, गुळाचा खडा तोंडात धरून पितात. बाबांना आवडणार नाही, आईला नक्की आवडेल.

पण आई, मळ्यात बायका पाहिल्या आणि मला तूच दिसलीस. तू लग्नाआधी कापूस वेचायला जायचीस ना, कमरेला ओटी बांधून, तसं यांचं पोतं डोक्यावरून पट्ट्याने पाठीवर सोडलेलं, दोन्ही हातांनी दोन पानं एक कळी खुडत जायचं, उतारावर, पावसात, जळवांमध्ये, आणि संध्याकाळी काट्यावर वजन. हे सगळे तमिळ, इंग्रजांनी आधी कॉफीसाठी मग चहासाठी तमिळनाडूतून आणलेले, त्यात दलित जातींचे लोक बरेच. देश स्वतंत्र झाला आणि 1948 च्या कायद्याने यांचं नागरिकत्वच गेलं. 1964 ला शास्त्रीजी आणि इथल्या पंतप्रधान सिरिमाओ बंदारनायके यांचा करार झाला, सव्वापाच लाख लोक भारताने घ्यायचे ठरले, न विचारता, जिथे जन्मले ती जागा सोडून जा म्हणे. उरलेल्यांचा प्रश्न 2003 च्या कायद्यापर्यंत चालला. अजूनही मळ्यातल्या चाळीसारख्या लाईनीतल्या एकेका खोलीत कुटुंबं राहतात. एका मावशीला मी हात जोडले तर तिने हात पुढे केला, बोटांच्या चिरांमध्ये चहाचा काळा रंग कायमचा बसलेला. लोक तिथे मळ्यात उभे राहून फोटो काढतात, मला नाही काढवला.

नानू ओयाहून एल्लापर्यंत रेल्वेने गेलो, हे तुम्हाला सगळ्यात सोपं, नुसतं खिडकीत बसून राहायचं. पट्टीपोला स्टेशन सहा हजार फुटांच्या वर आहे. रिझर्व्हेशन मी आधीच करीन.

खाण्याचं पण जमेल. सकाळी इडियाप्पमसारख्या वाफवलेल्या शेवया आणि ओल्या खोबऱ्याचं लाल तिखट, त्यात सुके मासे कुटून घालतात, आईला चालतील. किरीबत म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, थापून वड्या पाडतात, सणासुदीला पहिला घास त्याचाच. वैशाखी पौर्णिमेला तर रस्तोरस्ती फुकट जेवण वाटतात, आमचा ड्रायव्हर सांगत होता, अगदी आपल्या दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर असतं तसंच.

समुद्राला शेवटी गेलो, उनवटुनाला. आई, तू समुद्र पाहिलास तो फक्त 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर, त्या गर्दीत, रांगेतून. इथे तुला खुर्चीवर बसून पाय पाण्यात सोडता येतील, खाडीचा आडोसा आहे म्हणून लाटा कमी. दक्षिणेकडे डिसेंबर ते मार्च समुद्र शांत असतो, मेपासून पावसाळा, म्हणून मी जानेवारी म्हणतेय. गॉलच्या डच किल्ल्याच्या तटावरून संध्याकाळी फिरता येतं, सपाट आहे. वाटेत पेरलिया लागतं, 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीने तिथे अख्खी रेल्वे उलटवली, दीड हजारांहून जास्त माणसं गेली. आता तिथे पाण्यात उभी उंच बुद्धमूर्ती आहे, जपानी लोकांनी दिलेली. तिथे थांबून आम्ही वंदना घेतली.

तर कामाचं. बाबा, पासपोर्ट संपलाय का ते कपाटातल्या फाईलमध्ये बघा, संपला असेल तर फोटो काढून मला व्हॉट्सअॅप करा, रिन्यूचा फॉर्म मी भरते. आईचा नवीन काढावा लागेल, तिच्या जन्मतारखेचा घोळ शाळेच्या दाखल्यावर काय आहे ते पण पाहून ठेवा. डॉक्टरांना गुडघ्याचं आणि बीपीच्या गोळ्यांचं विचारा. नागपूरहून चेन्नई आणि तिथून कोलंबो साधारण दीड तास. पैशाचं काही बोलायचं नाही, ते मी बघते. रविवारी फोन करीन तेव्हा पासपोर्टचा नंबर हाताशी ठेवा.

तुमची,
लेक

ता. क. आईसाठी पांढरी सुती साडी घेऊ नका, मी पुण्याहून आणते.