गाळ निवडणाऱ्या लेकास

गुहागर

चि. ओंकारास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, ‘जहाजच थांबलं, आता गाळातले दाणे निवडत बसून काय करू?’ तेव्हापासून तेच डोक्यात आहे. शेजारी आजी होती. तिने विचारलं, एवढा शिकून तांदूळ निवडतोय का तो?

समुद्राच्या तळाला भोक पाडून गाळ वर काढणारं ते जॉयडिस रिझोल्युशन २०२४ मध्ये थांबलं, वाईट मलाही वाटलं. १९८५ पासून चाकरी केली त्याने. २०१५ मध्ये तर आपल्याच अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर तळाच्या लक्ष्मी खोऱ्यात आलं होतं. साडेतीन किलोमीटरहून खोल पाणी आणि त्याखाली अकराशे मीटर भोक! गाळ बहुतेक सिंधूने आणलेला. सह्याद्रीच्या आपल्या नद्यांना तिथे फारसा मान नाही. मध्येच १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वीचा एक प्रचंड ढीग लागला. भारताच्या पश्चिमेचा समुद्रातला उतार ढासळून तो तिथे गेला होता. त्याला नटराज हे नाव कुणी दिलं असेल, त्याला मानलं पाहिजे.

पण मला खरी गंमत वाटते ती तुझ्या त्या बुलॉइडिसची, ज्याची कवचं तू दाणे म्हणून निवडतोस त्या इवल्याशा समुद्री जीवाची. इथे नैऋत्येचा वारा सुटला की होड्या वर ओढून ठेवतात, झावळ्या धडाधड पाखाडीत पडतात. तोच वारा ओमानजवळ वरचं पाणी किनाऱ्यापासून लोटतो, खालचं थंड पाणी वर येतं आणि त्यात हे जीव फोफावतात. मेले की कवचं तळाशी जातात. ज्या थरात ती जास्त, त्या काळी वारा जोराचा. १९८७ मध्ये ओमानजवळचे थर याच जहाजाने काढले. पण नुसत्या चिखलाने काय कळणार? सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक दाणा उचलून मोजणारा कुणीतरी लागतोच.

आणि चिखल संपलेला नाही, हे तू मला सांगायचं तर मी तुला सांगतेय. गाळाने भरलेली साडेनऊ मीटरची नळी वर आली की दीड-दीड मीटरचे तुकडे करून उभे चिरतात. एक अर्धा कामाला, दुसरा तसाच जपून. आपल्या समुद्रातला गाळ जपानात कोचीला आहे (बाबांना केरळातलं वाटलं, ‘मग जाऊन येऊ’ म्हणाले). नमुने मागवता येतात ना? मग सरांशी बोल, अर्ज लिही. जहाजं पुढेमागे येतील; जपानचं चिक्यू आहे, चीननेही नवं बांधलंय. तोवर हातातलं काम अर्धवट टाकून मुंबईच्या त्या नोकरीचा फॉर्म भरू नकोस. भरायचाच असेल तर कंटाळा आला म्हणून भर, जहाजाचं निमित्त नको.

आगळ आणि आंबोशी एसटीने पाठवलीय, स्टँडवर वेळेत जा. बुलॉइडिसचा एक चांगला फोटो पाठव, नववीला दाखवायचाय. खाली मोजपट्टी असू दे, नाहीतर पोरं शिंपला समजतील.

तुझी,
आई