गाण्यातला नट

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. लेक मालिकांच्या ऑडिशन देत फिरतेय, म्हणजे इतकी वर्षं शिकवलेलं गाणं पाण्यात गेलं, असं तू लिहिलंयस. इतक्यात डोक्याला हात लावू नकोस. तिला आधी प्रभात फिल्म कंपनीचे दोन बोलपट दाखव. दोन्ही इथलेच, आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारातले.

पहिला १९३५चा 'धर्मात्मा'. एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व! भास्करबुवा बखल्यांची तालीम, साथीला कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला, पदामागून पदाला वन्समोअर. पण स्टुडिओत वन्समोअर देणार कोण? त्यात जन्मभर नाटकात भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा नायिका रंगवलेल्या माणसाला इथे पुरुष व्हायचं होतं. सूर तोच आहे रे, पण तो समोर बसलेला प्रेक्षक शोधत राहतो, असं मला दर वेळी वाटतं. प्रभातशी त्यांचं पुढे जमलं नाही. बालगंधर्व रंगभूमीवर परतले.

दुसरा १९३६चा 'संत तुकाराम'. यात तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीसही नाटकात स्त्रीभूमिकाच करत आलेले, भजनं गाणारे. गायक म्हणून बालगंधर्वांच्या पंक्तीला मी त्यांना बसवणार नाही, तूही बसवणार नाहीस. पण कॅमेऱ्यापुढे हा माणूस आवाज वाढवतच नाही. 'पांडुरंग ध्यानी' म्हणताना कुणाला तरी ऐकवतोय असं क्षणभरही वाटत नाही. आणि गंमत बघ, तेच पद सालोमालो, म्हणजे तुकोबांवर जळणारा बुवा, चोरून म्हणतो ते अगदी नाटकी थाटात, टाळी घ्यायला बसल्यासारखं! संगीतकार केशवराव भोळ्यांनी संगीतातूनच दोन माणसं उभी केली आहेत. शब्द तेच, फरक सगळा गायकीत. तो फरक पडद्यावर आणायला दोन्ही बाजूंची गायकी ठाऊक असलेला संगीतकार लागतो, आणि हात आखडता घेता येणारा नटही.

यातलंच 'आधी बीज एकले' हे पद गीतकार शांताराम आठवल्यांचं, पण कितीतरी जण ते तुकोबांचंच समजत आले. पागनीसांचंही तेच झालं. लोकांनी त्यांच्या चेहऱ्यालाच तुकोबा मानलं, कितीएक तसबिरींत तोच चेहरा उतरला. पुढे तुलसीदास, नरसी भगत अशा संतांच्याच भूमिका वाट्याला आल्या. हे भाग्य की अडकणं, ते मला अजून ठरवता येत नाही. १९४३मध्ये ते गेले, म्हणजे पडद्यावरची खरी कारकीर्द जेमतेम सात वर्षांची.

एक विसरलोच, तुकोबांच्या बायकोचं, आवलीचं काम करणारी गौरी. तिला गाण्याची तालीम नव्हती, नाटकाची नव्हती, आणि तरी कित्येक प्रसंगांत ती पागनीसांना झाकून टाकते. हे लेकीला सांगू नकोस. रियाज सोडायला तेवढं निमित्त पुरेल.

सकाळचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, मात्र चालू ठेवायला लाव. मालिकेत पानपानभर संवाद एका दमात म्हणायचे असतात, तिथे श्वास कामी येईल. पुढच्या महिन्यात ती ऑडिशनला पुण्यात येणार असेल तर आमच्याकडेच उतरू दे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल